आबांना जिना पसंत नाही

पहिलं घर घेणाऱ्या माणसाला माझा एकच सल्ला असतो : मयत खाली कसं न्यायचं, ते आधी बघून घ्या.

लोकांना हा सल्ला आवडत नाही. आमच्या कंपनीतला एक पोरगा फ्लॅटचं टोकन देऊन आला आणि पेढे वाटत वाटत माझ्यापाशी थांबला. "भाऊ, तुम्ही यातून गेलाय. काय काय बघायचं, सांगा ना." मी सांगितलं. (पेढा तोवर तोंडात टाकला होता, नाहीतर त्याने परत घेतला असता.) हल्ली तो मला कँटीनमध्ये दिसला की दुसऱ्या टेबलावर बसतो.

आता मी काही जन्मापासून असा नाही. घर शोधायला लागलो तेव्हा मीही शहाण्यासारखी वही केली होती. सातबारा बघायचा, जमीन बिनशेती झालीय का बघायचं, रेराचा नंबर, भोगवटा प्रमाणपत्र, पाणी नळाचं की टँकरचं, हायवेचा धुरळा कुठल्या खिडकीतून येतो, असे एकतीस प्रश्न लिहून काढले होते. एकतिसाव्या प्रश्नाखाली दोन रेघा मारल्या आणि वही मोठ्या ऐटीत आबांना दाखवली.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी वही उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "आनि जिना?"

इथे आबांचं काम सांगायला हवं. कोलाडच्या आत आमचं गाव आहे. शेती भाताची, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. आबांनी आयुष्यभर तेवढंच केलं, पण गावात त्यांची ओळख वेगळीच. कुणाच्या घरी कुणी गेलं, की पहिलं बोलावणं आबांना. बांबू तोडायचे, तासायचे, तिरडी बांधायची, कुणी कुठे खांदा द्यायचा ते सांगायचं, हे सगळं चाळीस वर्षं त्यांच्याकडे. एक पैसा घेतला नाही. त्यांनी बांधलेली गाठ कधी सुटली नाही, आणि ज्यांना त्यांनी पोचवलं त्यांच्यातल्या एकाचीही तक्रार आली नाही. गावात तब्येत बिघडली तरी लोक आधी आबांकडे यायचे आणि मग डॉक्टरकडे. एकदा चुकून डॉक्टर आधी आला आणि पेशंट वाचला. त्याचं लोकांना अजून नवल वाटतं!

त्यामुळे आबांना घर म्हणून घर दिसतच नसे. फक्त बाहेर पडायची वाट दिसायची. एका लग्नाला गेलो होतो. नवा बंगला, दाराला नक्षी, यजमान खूश. आबांनी चौकटीला हात लावून यजमानांना बाजूला घेतलं. "दार अरुंद केलास रं. म्हातारी कशी निघंल?" म्हातारी शेजारीच बसून जिलेबी खात होती. तिने आबांकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि जिलेबी खाली ठेवली.

आम्ही हसायचो. मीही हसायचो. माझं हसणं बंद झालं ते आई गेली तेव्हा.

मी तेव्हा रोह्यात भाड्याने राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. आईला इलाजासाठी माझ्याकडे आणलं होतं. ती तिथेच गेली. आणि त्या जिन्यात तिरडी वळेना. उभी करून बघितली, तिरकी करून बघितली. शेवटी शेजाऱ्यांची लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, आईला तिच्यात बसवलं, तिच्याच दोन साड्यांनी बांधलं आणि तशी खाली उतरवली. तिची मान सारखी पुढे पडत होती. आबा एकेक पायरी उलटे उतरत होते आणि हाताच्या तळव्याने तिचं कपाळ धरून होते. ज्या माणसाने अख्ख्या गावाला आडवं, सरळ, आकाशाकडे तोंड करून नेलं, त्याच्या बायकोला बसवून न्यावं लागलं. मला त्या दिवसाची अजून लाज वाटते.

आबा गावी परतले आणि एकटेच राहू लागले. माझ्या त्या खोलीत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. मग एके दिवशी खळ्यामागे पाय घसरून पडले. सकाळी पडले ते दुपारपर्यंत तिथेच. वैरण मिळाली नाही म्हणून म्हैस ओरडत सुटली, तेव्हा शेजारी बघायला आले. माझा बाप म्हशीमुळे वाचला, आणि मी त्या वेळी धाटावला कंपनीत मस्टरवर सही करून चहा पीत होतो. मी ठरवलं, आता आबांना एकटं ठेवायचं नाही.

"आबा, घर घेतो. तुम्ही आमच्याकडे या."

"येतो."

मी बघतच राहिलो. इतक्या सहज?

"पन जिना पसंत पडला पायजे. मना बसवून न्यायचा नाय."

झालं. त्या दिवसापासून आम्ही घरं बघायला निघालो की सोबत सात फुटांचे दोन बांबू असत. लोक वकील नेतात, कुणी वास्तुशास्त्रवाला नेतं. आम्ही बांबू नेत होतो. रिक्षावाले थांबत नसत. थांबले तर भाडं सांगण्याआधी "कोण गेलं?" विचारत.

आमचा एजंट होता नितीनशेठ. गोड माणूस, तोंडात साखरेचा कारखाना. पहिलं घर त्याने रोह्यात दाखवलं, नदीच्या बाजूला.

"बाबा, हे बघा बेडरूम! वारा बघा, वारा! इथे झोपलात की उठावंसं वाटणार नाही."

"तेच इचारतोय," आबा म्हणाले. "नाय उठलो तर?"

"म्हणजे?"

आबांनी बांबूचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "धर. तू डोक्याकडं."

नितीनशेठ डोक्याकडे, आबा पायाकडे, अशी वरात बेडरूममधून निघाली, पॅसेजमध्ये अडकली, आणि बांबूने हॉलमधली नवी ट्यूबलाइट फोडली. रोह्याचं घर रद्द झालं.

दुसरं जितेला, स्टेशनमागे. तिथे लिफ्ट होती. नितीनशेठ विजयी मुद्रेने म्हणाला, "आता बोला बाबा! बटण दाबा, थेट खाली!" त्या वेळी आणखी एक कुटुंब घर बघायला आलं होतं, नवराबायको आणि सासूबाई. सगळे एकाच लिफ्टमध्ये शिरलो. आबांनी बांबू लिफ्टमध्ये आडवा धरून बघितला, मावेना. तिरका, मावेना. मग उभा केला.

"उभा न्यायचा?" आबांनी सगळ्यांना उद्देशून विचारलं. "मयत काय पहाऱ्याला उभा ऱ्हातो?"

सासूबाई मधल्याच मजल्यावर उतरल्या आणि चालत खाली गेल्या. त्यांच्यामागे सून. सुनेमागे मुलगा. नितीनशेठने त्या दिवशी मला हात जोडले. "दिनेशभाऊ, तुमच्याकडून मला कमिशनसुद्धा नको. फक्त बाबांना गिऱ्हाइकांपुढे आणू नका."

असं करत करत आम्ही पेणला पोचलो. माझी बायको वैशाली पेणच्या शाळेत शिकवते, तेव्हा पेण सगळ्यांनाच सोयीचं. रामवाडीला तीन मजली इमारत उभी राहत होती. कागद चोख, पाणी नळाचं, माझे एकतीसच्या एकतीस प्रश्न पास! फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती, पण आबांचा लिफ्टवरचा विश्वास उडालेलाच होता. अडचण एवढीच, की जिन्याचा नुसता सांगाडा होता आणि आबांचा गुडघा तेव्हा सुजलेला. ते खाली रेतीच्या ढिगावर बसले आणि मला म्हणाले, "तू मोज. नीट मोज हां दिन्या."

मी मोजलं, अगदी आईची शपथ घेऊन मोजलं. दुसऱ्या मजल्यावरून दोन्ही बांबू घेऊन निघालो, दुसऱ्या टोकाला नितीनशेठ. वळणावर आलो आणि काय सांगू, लोण्यातून सुरी फिरावी तसे बांबू फिरले! कुठे भिंतीला लागणं नाही, कुठे घासणं नाही. मी वरूनच ओरडलो, "आबा, वळतंय! मस्त वळतंय!" खाली काम करणारे मजूर माझ्याकडे बघून हसले. आबाही हसले, आणि आई गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होतो. त्याच आठवड्यात आम्ही करार केला.

वर्षभराने ताबा मिळाला. वास्तुशांतीचा दिवस ठरला. सकाळी आबा गावाहून आले. गुरुजी वर होमाची तयारी करत होते, मी पूजेच्या पोशाखात, म्हणजे पांढरं धोतर, उघडं अंग, कपाळाला गंध, गळ्यात झेंडूचा हार, अशा अवतारात आबांना घ्यायला खाली धावलो. आबा पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत चढले आणि थांबले.

"हा काय?"

"काय?"

"हा!" त्यांनी हात ठेवला होता तो रेलिंगवर. चकचकीत स्टीलचं रेलिंग, छातीपर्यंत उंच, जिन्याच्या आतल्या बाजूने.

मी मोजलं तेव्हा रेलिंग नव्हतं! बांबू फिरले होते ते जिन्यात नव्हे, जिन्याच्या मधल्या मोकळ्या हवेत फिरले होते. इतक्या मोठ्या माणसाला, डिप्लोमा झालेल्या, कंपनीत मेंटेनन्सला असलेल्या माणसाला, जिन्याला कठडा येणार हे सुचलं नव्हतं!

आबा तिथेच पायरीवर बसले. "मी वर येनार नाय. दुपारच्या गाडीनं रोह्याला जातो, तिथनं गावाला."

"आबा, अहो आबा, असं काय करता! एवढं घर घेतलं ते कुणासाठी?"

"घर चांगला हाय. तुमी ऱ्हावा."

ते रागावले असते तर मी भांडलो असतो. पण ते रागावले नव्हते. हात गुडघ्यांवर ठेवून ते त्या वळणाकडे बघत होते, आणि त्यांना तिथे कोण दिसत होतं ते मला कळत होतं. ते परत गेले की पुन्हा ते खळं, पुन्हा ते एकटं घर. मी घाईघाईने बोलून गेलो, "आबा, आत्ता करून बघू. खरोखर. माणूस ठेवून."

"कोन ठेवतोस?"

"मी निजतो."

रंगाऱ्याची बांबूची शिडी वरच्या जिन्यात पडलेली होती. तिच्यावर सतरंजी टाकली आणि मी आडवा झालो. उचलायला माझा मेहुणा संतोष, खुद्द नितीनशेठ (बिचारा वास्तुशांतीला पेढे खायला आला होता), वॉचमन आणि रंगारी. आबा वळणावर उभे राहून हुकूम देऊ लागले. "डोका वरच्या अंगाला. पाय फुडं. हां. आता हळू."

वरून वैशालीचा आवाज आला. "अहो, गुरुजी विचारतायत, यजमानांना किती वेळ लागेल?"

"येतोच म्हणावं!" मी आडव्यानेच ओरडलो.

पहिल्या सहा पायऱ्या उतरलो आणि वळणावर शिडीचं पुढचं टोक भिंतीला लागलं, मागचं रेलिंगमध्ये घुसलं. पुढे जाईना, मागे येईना. चौघेही घामाघूम. नितीनशेठ धापा टाकत म्हणाला, "दिनेशभाऊ, तुम्ही बोलू नका, जड होताय."

मी गप्प झालो. डोळे मिटून घेतले, हात छातीवर ठेवले. आणि नेमकी त्याच क्षणी जिना चढून आली माझी आत्या.

आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. सोबत तिची मुलगी, हातात आहेराची पिशवी. आत्याने वर बघितलं. तिला काय दिसलं? बांबूची शिडी, तिच्यावर पुतण्या, पांढरं धोतर, उघडं अंग, कपाळाला गंध, गळ्यात झेंडूचा हार, चौघांच्या खांद्यावर. आणि पुढे तिचा भाऊ उभा राहून सांगतोय, "डोका सांभाळा."

आत्याच्या हातातली पिशवी पडली. "आरं माज्या दिन्या रंऽऽ! नव्या घरात ऱ्हायाचा तुज्या नशिबात नव्हता रंऽऽ! कालच फोन केलास रंऽऽ, म्हनलास आत्ये चांगली साडी नेसून ये रंऽऽ!"

"आत्या, अगं मी जिवंत आहे!"

मयत बोलल्यावर आत्याने रडणं थांबवलं आणि किंकाळी फोडली. वॉचमनने दचकून आपलं टोक सोडलं. मी शिडीवरून घसरून रेलिंग आणि भिंत यांच्यामध्ये जाऊन बसलो, म्हणजे खरोखरच अडकलो. आणि आत्याची मुलगी? ती शिकलेली आहे, चटपटीत आहे. तिने तोवर गावी फोन लावून "दिनेशदादा गेला" एवढं कळवूनही टाकलं होतं! पुढचं ऐकायला गावातलं कुणी थांबलं नाही.

इमारतीतली दारं धडाधड उघडली. आम्ही अजून कुणाला ओळखत नव्हतो. शेजाऱ्यांशी आमची पहिली भेट झाली ती अशी. वरून गुरुजी डोकावले. "वहिनी, सुतक नाही ना लागलं? लागलं असलं तर होम आवरतो."

"अजून तरी नाही," वैशाली दात आवळून म्हणाली.

इतक्यात तळमजल्यावरून एक गृहस्थ दोन दोन पायऱ्या चढत आले. दोन्ही हात कोपरापर्यंत शाडूच्या मातीने माखलेले. हे ठाकूरकाका. पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यात तीस वर्षं मूर्ती हलवायचं काम. अरुंद दारांतून, बोळांतून, टेम्पोत, पाच पाच फुटांचे गणपती त्यांनी टवकासुद्धा न उडवता बाहेर काढलेले. ते मला बघताच गरजले, "थांबा! ओढू नका, कान तुटेल!"

सगळे जागच्या जागी थिजले. मीसुद्धा कान सांभाळला.

"पोट कुठे टेकलंय बघा. हां, पोटच अडकलंय. सोंड... आपलं, नाक बाजूला घ्या. वरचे दोघे मागे सरा. कोण आहे रे पहिल्या मजल्यावर? बाहेर या, चार हात लागतील. वस्तू रेलिंगच्या मधून न्यायची नसते, वरून न्यायची असते. खालच्यांनी हात वर करायचे, वरच्यांनी सोडायचं नाही. घ्या, मोरया!"

पहिल्या मजल्यावरचे तिघे, समोरच्या दारातले दोघे, कुणी बनियनवर, कुणी तोंडात ब्रश, सगळ्यांनी हात लावले. मी पुन्हा शिडीवर, शिडी रेलिंगच्या वर, हवेत, एका हातातून दुसऱ्या हातात. खाली बघितलं आणि रामरक्षा सुरू केली. आणि वळलं की! आडवं, सरळ वळलं. मला अंगणात नेऊन ठेवलं तेव्हा दोनतीन लोकांनी सवयीने हात जोडले.

आबा मागोमाग जिना उतरून आले. त्यांनी ठाकूरकाकांना विचारलं, "चौघांत नाय व्हयाचा?"

"होईल की. ही मूर्ती भारी आहे. तुमचं वजन किती?"

"बेचाळीस."

"मग दोघांतसुद्धा होईल."

आबा माझ्याकडे वळले. मी हार सावरत उठत होतो. "जिना बरोबर हाय," ते म्हणाले. "तू जाडा झालास."

आणि ते चढले. ते वळण ओलांडलं, आमच्या दारात आले, उजवा पाय आत टाकला. मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. पण त्या पोशाखात रडलो असतो तर आत्या पुन्हा सुरू झाली असती, म्हणून होमाच्या धुराचं निमित्त केलं.

जेवणाची पानं वाढली तेव्हा खाली टेम्पो थांबला. गावाहून तेवीस माणसं माझ्या मयताला आली होती! बांबू, मडकं, गोवऱ्या, सगळं घेऊन. मी गॅलरीतून हात हलवला तेव्हा खाली जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. मग एवढ्या लांब, त्या हायवेच्या खड्ड्यांतून आलेली माणसं उपाशी कशी पाठवायची? ती वास्तुशांतीला जेवली. आम्ही घरच्यांनी मग पोहे करून खाल्ले. निघताना एक म्हातारबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जेवान चांगला होता. पन आमी रडायच्या तयारीनं आलेलो." त्यांच्या आवाजात जरा नाराजी होती. राहिला प्रश्न बांबूंचा. मयतासाठी तोडलेला बांबू आमच्याकडे माघारी नेत नाहीत. ठाकूरकाकांनी तो कारखान्याच्या मांडवाला लावून टाकला, आणि पूर्ण सीझनभर त्याखाली गणपती रंगले.

आबा आमच्याकडे दीड वर्ष राहिले. त्यांचं आणि ठाकूरकाकांचं असं जमलं की विचारू नका. एक देव पोचवणारा, एक माणसं पोचवणारा. दोघे कारखान्याच्या दारात बसून गाठी कशा मारायच्या यावर तासन्‌तास वाद घालायचे. मी विचारायचो, "आबा, करमतं का?" तर म्हणायचे, "न करमायला काय झाला? समदी माणसं हाईत हितं." खालीवर ये-जा करताना ते कुणाकुणाच्या दारात थांबायचे, आणि मी तोवर न ओळखलेल्या शेजाऱ्यांची नातवंडंसुद्धा त्यांना नावानिशी ठाऊक झाली होती. वाटायचं, हा माणूस इथे सुखात आहे. ते बघून मला फार बरं वाटायचं.

मग एका मंगळवारी जेवले, हात पुसले आणि दुपारचे आडवे झाले ते उठलेच नाहीत. वैशालीचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जिनाच आला. सांगायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. घरी येईपर्यंत गाडीत बसून मी मनातल्या मनात ती वळणं उतरत होतो.

तिरडी ठाकूरकाकांनी बांधली. आबांच्याच गाठीने बांधली, वादात आपण हरलो असं कबूल करून. चौघांनी उचललं. दारातून सरळ निघाले, पहिलं वळण आलं आणि गेलं. कुठे भिंतीला लागलं नाही, रेलिंगला कापडाचं टोकसुद्धा घासलं नाही. आबा आडवे, सरळ, आकाशाकडे तोंड करून. (जिन्यात आकाश नव्हतं, ट्यूबलाइट होती. पण आबांनी चालवून घेतलं असतं.)

दुसऱ्या वळणावर मात्र सगळं थांबलं.

मुलाने मडकं धरून पुढे चालायचं असतं आणि मागे बघायचं नसतं. हे आबांनीच गावातल्या कितीतरी मुलांना दटावून सांगितलेलं. मी मागे बघितलं. आणि मग माझा पाय उचलेना. मडकं एका हातात, दुसऱ्या हाताने रेलिंग धरलेलं, आणि मी त्या वळणावर उभा राहून लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागलो. वर चौघे तिरडी घेऊन ताटकळले, त्यांच्यामागे निम्मी इमारत.

ठाकूरकाका वरून हळूच म्हणाले, "दिनेश, हल रे बाबा. आबांची वाट तूच अडवलीयस."

त्यांचं खरं होतं. पण ब्याण्णव किलोचं ते धूड उचलून बाजूला ठेवायला कुणाचेच हात मोकळे नव्हते. म्हणून नाइलाजाने मी माझ्याच पायांनी उतरलो.